त्या 35 मिनिटांत जे झालं ते खरं होतं का?

पत्र थोडक्यात असं. लिहिणारा 33 वर्षांचा, नोकरी करणारा, लग्न झालेला. देवावरचा विश्वास कॉलेजातच गेला आणि त्याचं त्याला कधी वाईटही वाटलं नाही. आठ महिन्यांपूर्वी तो मुद्दाम प्रवास करून एका एक्सपेरिमेंटल रॉक बँडच्या कॉन्सर्टला गेला (बँडचं नाव पत्रात आहे, इथे देत नाही). अडीच तासांत जेमतेम सहा गाणी, त्यातलं एक तब्बल 35 मिनिटांचं आणि प्रचंड मोठ्या आवाजातलं. त्यात कधीतरी वेळेचं भान गेलं, "मी कुठे संपतो आणि आवाज कुठे सुरू होतो तेच कळेना", स्टेजवर कोणीही गात नसताना खूप माणसं एकत्र गात असल्यासारखं स्पष्ट ऐकू आलं, आणि आपण रडतोय हे त्याला शेजारच्या अनोळखी माणसानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं. तेव्हापासून रोज रात्री बायको झोपली की दुसऱ्या खोलीत दार लावून, हेडफोन घालून तेच गाणं, दर महिन्याला आवाज थोडा वर, कधीकधी रात्रीचे दोन वाजतात. ती अवस्था परत आलेली नाही. बाकीची गाणी पानचट वाटायला लागलीयत. कान वाजतात. ध्यान करणारा मित्र म्हणतो हा शॉर्टकट आहे, खरं हवं असेल तर संगीत सोड आणि गप बस. बायको म्हणते नुसता आवाज आहे, नसा ताणल्या की रडू येणारच. त्याचे प्रश्न: ते खरं होतं का? देव न मानणाऱ्याला असं काही होऊ शकतं का, की मी स्वतःला फसवतोय? संगीत सोडून ध्यानाला लागू का? आणि तोच बँड परत येतोय, रजा टाकून जाऊ का?

आधी कानांचं बोलू. तू पत्रात ते एका ओळीत उरकलंयस, "ताई, कान थोडे वाजतात, रात्री जास्त जाणवतं", आणि लगेच पुढे अनुभव वगैरे. ती ओळ वाचली आणि माझ्या पोटात कसंतरीच झालं. कॉन्सर्टनंतर दोन दिवस कान वाजणं वेगळं आणि आठ महिन्यांनी शांत खोलीत शिट्टी ऐकू येणं वेगळं. या आठवड्यात ईएनटी डॉक्टरकडे जा, ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं त्याची तपासणी) करून घे, आणि रोज किती वेळ, किती मोठ्यानं ऐकतोस ते खरं खरं सांग. (हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते, एका कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी जा.)

हिशोब सोपा आहे आणि जरा घाबरवणारा आहे. कामाच्या ठिकाणी दिवसाला 85 डेसिबल आठ तास चालेल असं धरतात, आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ अर्धी होते, म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, असं करत करत 100 डेसिबलला उरतात फक्त 15 मिनिटं. तुझं एक गाणंच 35 मिनिटांचं आहे! जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये कॉन्सर्टच्या जागांसाठी जी मर्यादा सांगितली ती सरासरी 100 डेसिबलची, आणि त्यासोबत इअरप्लग उपलब्ध ठेवा, शांत जागा ठेवा असंही सांगितलं. संगीतासाठीचे वेगळे इअरप्लग मिळतात, ते सगळे स्वर साधारण सारखेच खाली आणतात त्यामुळे कापूस कोंबल्यासारखं ऐकू येत नाही. आणि ज्या थरथरीवर तुझं एवढं प्रेम आहे ना, छातीत आणि पायाखाली जाणवणारी, ती इअरप्लगनं कुठेही जात नाही, कारण ती कानातून येतच नाही.

मी हे इतकं का लावून धरतेय तर माझ्या विशीत मी एका कॉन्सर्टमध्ये पूर्ण रात्र स्पीकरला टेकून उभी राहिले होते, इअरप्लग घालणं म्हणजे अर्धवट ऐकणं अशी माझी तेव्हाची ठाम समजूत. त्या रात्रीपासून डाव्या कानात एक बारीक तार वाजते. दिवसा कळत नाही. पण अशा लांब संगीतात एक जागा असते, स्वर वीस मिनिटं धरून ठेवलेला असतो आणि मग तो सोडतात, आणि नंतरची जी शांतता असते ती म्हणजे त्या गाण्याचा अर्धा जीव असतो. ती जागा आली की सगळी खोली गप्प होते, उजवा कान गप्प होतो आणि डावीकडे ती तार चालूच. ती शांतता मला आता कधीच पूर्ण ऐकू येणार नाही. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून डॉक्टर पहिल्यांदा, बाकी सगळं नंतर.

आता तो कोरस. तू लिहिलंयस की याबद्दल कोणाला सांगायची लाज वाटते, लोक म्हणतील भास झाला. भास नव्हता. खूप गिटार एकाच स्वराच्या जवळपास लावून, मोठ्या आवाजात, न थांबता वाजवल्या की प्रत्येक तारेच्या मूळ स्वरावर जे वरचे स्वर असतात ते एकमेकांत मिसळतात, काही एकमेकांना उचलतात, काही मारतात, आणि कोणीच न वाजवलेले स्वर हवेत तयार होतात. 100 आणि 102 हर्ट्झचे दोन स्वर एकत्र लाव, सेकंदाला दोन वेळा एक लाट येते आणि जाते, ती लाट त्या दोघांपैकी एकाचीही नसते. न्यूयॉर्कमध्ये ग्लेन ब्रँका नावाचा संगीतकार 1980 च्या आसपास खूप इलेक्ट्रिक गिटारींचा ताफा घेऊन नेमकं हेच करायचा आणि ऐकणाऱ्यांना त्यात माणसांचे आवाज, ट्रम्पेट, कायकाय ऐकू यायचं. आपल्याकडे तर याला फार गोड नाव आहे. तानपुरा नीट लागला की कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार कोणी छेडली नाही तरी स्वर आहे, आणि ज्याचं लक्ष आहे त्यालाच ऐकू येतो. तुझा कोरस त्याच घराण्यातला. तेव्हा लाज सोड, उलट तुला तो ऐकू आला म्हणजे त्या वेळी तू फार चांगलं ऐकत होतास.

पण मग "म्हणजे हे सगळं फिजिक्सच" असं म्हणून तू हिरमुसशील अशी मला भीती आहे, कारण तुझ्या पत्रात सगळीकडे दोनच डबे आहेत. एका डब्यावर लिहिलंय "देव, अध्यात्म, खरं" आणि दुसऱ्यावर "नसा, आवाज, खोटं", आणि त्या रात्रीला कुठल्या डब्यात टाकायचं यावर तू आठ महिने अडकून बसलायस. हे दोनच डबे आहेत हे तुला कोणी सांगितलं?

बायको म्हणते ते चूक नाहीये. शरीराचा यात मोठा वाटा आहे. 2011 मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी संगीत ऐकून अंगावर काटा येणाऱ्या लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा असं दिसलं की त्या शिखराच्या क्षणी तर डोपामिन, म्हणजे मेंदूतलं सुखावणारं रसायन, सुटतंच, पण त्याआधी, ते येणार येणार म्हणून वाट बघताना, मेंदूच्या वेगळ्या भागातही सुटतं. विचार कर, जे संगीत तुला वीस मिनिटं नुसतं "येणार येणार" करत ठेवतं ते काय करत असेल. पण तिचं म्हणणं पूर्णही नाही. जिल्बेर रूजे नावाच्या फ्रेंच संगीत अभ्यासकानं जगभरच्या समाजांतल्या तंद्रीचा, अंगात येण्याचा आणि संगीताचा अभ्यास करून 1980 मध्ये जे मांडलं ते मला फार पटतं, की कुठलाही ढोल, कुठलाही स्वर नुसत्या त्याच्या जोरावर माणसाला तंद्रीत घालत नाही. तेच वादन एकाला कुठल्याकुठे नेतं आणि शेजारचा जांभई देतो. माणूस काय घेऊन आलाय, त्याच्यासाठी त्या प्रसंगाला अर्थ काय आहे, आजूबाजूला कोण आहे, यावर सगळं. नुसत्या नसा ताणल्यानं होत असतं तर हॉलमधले सगळेच रडले असते. तुझ्या मागे उभं राहून कोणीतरी नक्की घड्याळ बघत असणार.

म्हणून "ते खरं होतं का" या प्रश्नाचे मी दोन तुकडे करते. तुला जे झालं ते झालं, त्याला कोणाच्या सहीची गरज नाही. त्यावरून जगाबद्दल काय सिद्ध होतं, तर काहीच नाही, देव आहे हेही नाही आणि नाही हेही नाही. "मी"पणाची गाठ थोडा वेळ सुटणं हे माणसांना होत आलंय, धर्मांनी त्याला घरं बांधली, नावं दिली, पण त्या घरात राहात नाहीस म्हणून तुला ते होऊ नये असा काही नियम नाही. तू कोणाचं काही चोरलेलं नाहीस.

फक्त एक सावधगिरी, आणि ही मला खरंच महत्त्वाची वाटते. भान हरपणं हे आपोआप पवित्र नसतं. मोठा आवाज, मोठी गर्दी आणि एकच ठेका, यात माणसं चांगल्यासाठीही विरघळलीयत आणि भयंकर गोष्टींसाठीही. त्यामुळे त्या क्षणाची तीव्रता मोजून काही कळत नाही, नंतर काय झालं ते बघावं लागतं. आणि तुझ्या पत्रात नंतरचं काय आहे? बंद दार, हेडफोन, दोन वाजेपर्यंत जागरण, मित्रांच्या गाण्यांना नावं ठेवणं. कोरसबद्दल तू जवळजवळ पानभर लिहिलंयस आणि ज्या अनोळखी माणसानं तुझ्या खांद्यावर हात ठेवला त्याच्याबद्दल अर्धी ओळ. तो कोण होता, काही बोलला का, तू त्याच्याकडे बघितलंस का, काहीच नाही. मला मात्र पत्र संपल्यावर तोच माणूस आठवत राहिला. एवढ्या आवाजात, स्वतःही त्यात बुडालेला असताना, त्याला शेजारचा रडतोय हे दिसलं.

आता मित्राचा शॉर्टकट. हे वाक्य मी बऱ्याच ध्यान करणाऱ्यांकडून ऐकलंय आणि ते संगीतवाल्यांवर अन्याय करणारं आहे, कारण हे संगीत जिथून आलं तिथे शॉर्टकट कुठेच दिसत नाही. ला माँट यंग हा अमेरिकन संगीतकार 1960 च्या दशकात चारपाच जणांना घेऊन तासन् तास एकच स्वर धरून बसायचा, त्या मंडळीत जॉन केल होता, आणि हाच केल पुढे व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडमध्ये गेला आणि तो धरलेला स्वर रॉकमध्ये घेऊन गेला, 1968 मध्ये त्यांनी 17 मिनिटांचं गाणं केलं जे म्हणजे जवळपास सगळा गोंगाटच. यंग स्वतः 1970 पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, ते 1996 मध्ये जाईपर्यंत शिकत राहिला. सव्वीस वर्षं. एक सा नीट लागावा म्हणून. तुझ्या मित्राला विचार, याला कुठल्या हिशोबानं शॉर्टकट म्हणायचं.

आणि बँडकडे कधी नीट बघितलंयस का, म्हणजे ऐकायच्या ऐवजी बघितलंयस का? स्वॉन्स या अशाच एका अमेरिकन बँडचा म्होरक्या मायकल जिरा स्टेजवर हातानं, खांद्यानं, अख्ख्या अंगानं बँडला खुणा करत असतो, कुठे चढायचं, कुठे धरायचं, कुठे एकदम सोडायचं, आणि बाकीचे सगळे डोळे लावून त्याच्याकडे बघत असतात. समोर आपण विरघळलेले आणि वर ती माणसं मात्र टक्क जागी, एक क्षण नजर हलली तर सगळा डोलारा कोसळेल. म्हणजे ज्या तंद्रीला तू शरण गेलास ती पाच-सहा माणसांच्या अतोनात सावधपणातून तयार झाली होती. मला यात फार मोठं काहीतरी दिसतं, नीट शब्दात सांगता येत नाही, पण तू पुढच्या वेळी बघ.

"संगीत सोडून ध्यान करू का" यावर मला एलियान रादिगची गोष्ट सांगायचीय. ही फ्रेंच बाई सिंथेसायझरवर फार लांब, फार हळू बदलणारं संगीत करायची, आपल्या रॉकपेक्षा एकदम वेगळं, पण नातेवाईक म्हणावं इतकं जवळचं. 1970 च्या दशकाच्या मध्यावर ती तिबेटी बौद्ध साधनेकडे वळली, संगीत बाजूला ठेवून काही वर्षं तेच केलं. आणि मग तिला तिच्या गुरूनंच परत संगीताकडे पाठवलं. पुढे तिनं मृत्यूवर एक जवळपास तीन तासांची रचना केली, तिच्या कामातली सगळ्यात मोठी म्हणून ती ओळखली जाते. तेव्हा हे सोड आणि ते धर असं असतंच असं नाही. ध्यान करून बघायचं असेल तर जरूर कर, चांगल्या शिकवणाऱ्याकडे कर, पण ध्यानासाठी म्हणून कर. ती कॉन्सर्टची रात्र परत मिळवायला ध्यानाला बसलास तर दहा दिवसांत मित्राशी भांडशील की यात पण काही होत नाही म्हणून.

परत का येत नाहीये ते मला वाटतं आता तुझ्याही लक्षात यायला लागलं असेल. तू ते गाणं औषधासारखं घेतोयस, आणि गुण येईना की डोस वाढवतोयस. शिवाय रेकॉर्डवरचं ते गाणं हे त्या रात्रीचं गाणंच नाहीये. या बँडांची लांब गाणी स्टेजवर रोज बदलत, वाढत जातात. स्वॉन्सच्या 2014 च्या अल्बममध्ये जे 34 मिनिटांचं गाणं आहे, त्यातलं बरंच काही आधीच्या दौऱ्यांमध्ये लोकांसमोर वाजवता वाजवता घडलेलं. उलट कॅन या जर्मन बँडचं 1971 चं साडेअठरा मिनिटांचं गाणं घे, ज्यात याकी लीबेत्साइट एकच ठेका अशा काही निष्ठेनं वाजवतो की मशीन वाटावं, ते तासन् तासांच्या वादनाच्या टेप कापून जोडून केलेलं. दोन्ही सुंदरच, पण दोन्ही वेगळ्या वस्तू. त्या रात्री तू दोन तास उभा होतास, दमला होतास, शेकडो माणसांत होतास, पुढे काय होणार तुला माहीत नव्हतं. आता तुला 19 व्या मिनिटाला काय होणार ते पाठ आहे आणि तू 12 व्या मिनिटापासूनच तिकडे डोळे लावून बसतोस. मग मधली सात मिनिटं ऐकतं कोण?

आणि मधलं हेच तर खरं गाणं आहे रे. लांब संगीत ज्यांना आवडतं ते सगळे शिखरांबद्दल बोलतात, मला विचारशील तर कंटाळ्याबद्दल बोलायला हवं. मी कशी ऐकते सांगते. एक कॉर्ड, एक ड्रमचा ठोका, तेच तेच. पहिली तीन मिनिटं छान वाटतं. मग चिडचिड, बदला ना आता, समजलं. मग उद्याची कामं डोक्यात येतात, पाठ दुखते, किती राहिलंय बघावंसं वाटतं. आणि त्याच्याही पलीकडे, मी तिथेच बसून राहिले तर, अचानक जाणवतं की तो ठोका दर वेळी सारखा नाहीये, काठी कधी कातड्याच्या मध्यावर पडतेय कधी किंचित कडेला, कधी केसभर आधी, आणि गिटारच्या आवाजाच्या आत एक लहानसा घरघरता आवाज आहे जो मगाशी नव्हता, की मगाशी पण होता? बस, एवढंच. यात रडू वगैरे काही नाही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात मी नसते, ती काठी असते. सन ओ या बँडच्या कॉन्सर्टमध्ये तर बहुतेक वेळ ड्रमही नसतात, धूर, झगे घातलेली माणसं आणि एक कॉर्ड वाजवून ती पूर्ण विरेपर्यंत थांबणं. पूर्ण विरेपर्यंत. तेवढं थांबणं आपल्याला दिवसात दुसरीकडे कुठे करायला मिळतं?

तर करायचं काय. पहिला महिना ते गाणं बंद. शिक्षा म्हणून सांगत नाहीये, तुझ्या कानांना आणि त्या गाण्याला दोघांनाही विश्रांती हवीय. हेडफोनही बंदच ठेव डॉक्टर काय म्हणतात ते कळेपर्यंत. मग आठवड्यातून एकदाच, संध्याकाळी, रात्री एक वाजता नाही, स्पीकरवर, दोन माणसं शेजारी बसून बोलतील एवढ्याच आवाजात एखादी लांब रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐक, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि मुद्दाम अशी निवड जी तुला माहीत नाही. गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर या कॅनेडियन बँडचा 2000 सालचा अल्बम घे, त्यात चारच तुकडे आहेत, एकेक साधारण 19 ते 23 मिनिटांचा, एका दिवशी एकच तुकडा ऐक. त्यात पडझड, थांबणं, माणसांची बोलणी, परत उभं राहणं असं सगळं आहे, तुला नुसतं चढत जाण्याची जी सवय लागलीय ती जरा मोडेल. नंतर कधीतरी रादिग ऐक किंवा मॉर्टन फेल्डमन या अमेरिकन संगीतकाराची 1983 ची ती चार तंतुवाद्यांची रचना, जी पूर्ण वाजवली तर सहा तासांच्या आसपास जाते आणि जवळजवळ सगळी हळू आवाजात आहे. पूर्ण नको, तासभर ऐक. जोर नसतानाही लांबी काय करते ते तुला कळावं एवढाच हेतू. आणि ऐकून झाल्यावर काही झालं की नाही असे मार्क देत बसू नकोस. काही नाही झालं तर काही नाही झालं, जेवायला बस.

एक गंमत करून बघ, यात तर बँडही लागत नाही. ला माँट यंग आणि त्याची बायको मॅरियन झाझीला यांनी न्यूयॉर्कमध्ये एक जागा केलीय, ड्रीम हाऊस, तिथे खोलीभर काही स्वर सतत चालू असतात, अजिबात न बदलता. पण तुम्ही मान किंचित वळवली की ऐकू येणारं सगळं बदलतं, कारण त्या लाटा खोलीत जागोजाग वेगवेगळ्या साठलेल्या असतात. घरात एक सलग स्वर हळू आवाजात लाव, दोन स्पीकर असतील तर फारच छान, आणि हळूहळू मान फिरव, उठून चाल, कोपऱ्यात जा. स्वर तोच आहे, हललास तू. दहा मिनिटं पुरे.

पानचट गाण्यांबद्दल थोडंसंच. तीन मिनिटांचं गाणं वाईट नसतं, 35 मिनिटांचं म्हणून कुठलं थोर ठरत नाही, आणि मला पुष्कळ लांब गाणी माहीत आहेत जी नुसतीच लांब आहेत. मित्र गाणं लावेल तेव्हा त्या तीन मिनिटांना तेच लक्ष देऊन बघ जे तू त्या काठीला देशील. नावं मग ठेव हवी तर.

आणि हे सगळं करूनही झोप येत नसेल, कामात लक्ष लागत नसेल, त्या एका रात्रीशिवाय कशातच काही वाटत नसेल तर तो संगीताचा प्रश्न उरत नाही, समुपदेशकाशी बोल. लाजू नको आणि "त्यांना हे संगीत कळणार नाही" म्हणून टाळूही नको, त्यांना संगीत कळायची गरजच नाहीये.

बायकोबद्दल मला एक शंका आहे, चूक असेल तर सोडून दे. "नुसता आवाज आहे" हे ती कॉन्सर्टबद्दल बोलत नसावी. आठ महिने रोज रात्री नवरा दार लावून बसतो, आणि आत काय चालतं हे तिला बाहेरून कसं कळणार, तिला दिसतं ते फक्त दार. तिला ते गाणं बसवून ऐकवू नकोस, 35 मिनिटं तिच्या चेहऱ्याकडे बघत बसशील आणि दोघंही वैतागाल. त्यापेक्षा एका संध्याकाळी गाणं न लावता नुसतं सांग तिला, त्या रात्री काय झालं, कोरस, रडणं, आणि तो खांद्यावरचा हात, तो तर नक्की सांग. तिला पटलं पाहिजे असं काही नाही. तिचं असं कधी झालंय का तेही विचार, कशानंही, संगीतच पाहिजे असं नाही.

कॉन्सर्टला जा की. डॉक्टरनं नको म्हटलं नाही तर जा, रजा टाक. स्पीकरपासून लांब, मध्यावर, जिथे आवाजाचं मिक्सिंग करणारी माणसं बसतात त्याच्या जवळपास उभा राहा, बँडला स्वतःला जे ऐकवायचं असतं ते तिथेच सगळ्यात नीट ऐकू येतं. फोननं रेकॉर्डिंग करू नको. इअरप्लग पहिल्या स्वराच्या आधी घाल, मध्ये नाही. आणि ती रात्र मागच्या वेळसारखी नसेल हे धरूनच जा, कदाचित नुसतीच एक दमवणारी, मोठ्या आवाजाची रात्र असेल, कदाचित रडणारा या वेळी शेजारी कोणीतरी दुसराच असेल, तेव्हा जरा इकडेतिकडे लक्ष ठेव. बायको येते म्हणाली तर तिच्यासाठी इअरप्लगची दुसरी जोडी आधीच घेऊन ठेव, आणि तिला अर्ध्यातून बाहेर जावंसं वाटलं तर गाणं अर्धवट सोडून तिच्यासोबत बाहेर ये.